अमेरिकी फेडरल न्यायाधीशाचा जुना सरकारी पत्रव्यवहार शोधायचा कसा: टप्प्याटप्प्याने

न्यायाधीशाचं नाव नॅशनल आर्काइव्ह्जच्या कॅटलॉगमध्ये टाकायचं, वरच्या वीस-पंचवीस नोंदी चाळायच्या आणि 'फारसं काही उपलब्ध नाही' असं लिहून मोकळं व्हायचं. अमेरिकी न्यायव्यवस्थेवर प्रबंध किंवा लेख लिहिणाऱ्यांकडून सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक ती हीच. सरकारी कागद माणसाच्या नावाने ठेवलेला नसतो, तो ज्या टेबलावर आला त्या टेबलाच्या नावाने ठेवलेला असतो. एकाच न्यायाधीशाच्या नेमणुकीची पत्रं व्हाइट हाउस, न्यायखातं, सिनेटची समिती आणि गृहराज्याच्या सिनेटरांचं कार्यालय अशा चार ठिकाणी पडलेली असतात. ती चार वेगळ्या शहरांत असतात आणि चार वेगळ्या नियमांखाली उघडतात. म्हणून आधी टेबलं शोधायची आणि नाव शेवटी.

खाली उदाहरण म्हणून मुख्यतः थर्गूड मार्शल (सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश) यांची कारकीर्द घेतली आहे, कारण तिच्यात जवळपास प्रत्येक अडचण येते. जिथे १९८१ नंतरचे नियम लागतात तिथे जॉन रॉबर्ट्स आणि ब्रेट कॅव्हनॉ या पुढे सर्वोच्च न्यायालयावर गेलेल्या दोघांची उदाहरणं आहेत.

टप्पा १: तारखांचा तक्ता

फेडरल ज्युडिशियल सेंटरची न्यायाधीशांची चरित्रसूची उघडा. १७८९ पासूनचे सगळे आजीव नेमणुकीचे फेडरल न्यायाधीश तिच्यात आहेत आणि पूर्ण यादी तक्त्याच्या स्वरूपात उतरवूनही घेता येते. तिथून आपला तक्ता बनवा. त्यात पाच रकाने हवेत: तारीख, घटना, त्या दिवशीचे राष्ट्राध्यक्ष, पत्र कोणाकडून कोणाकडे गेलं असेल, आणि तो कागद आज कुठे असेल. शेवटचे दोन रकाने सुरुवातीला रिकामे राहतील, राहू द्या.

मार्शल यांच्या ओळी अशा लागतात:

- ५ ऑक्टोबर १९६१: केनेडींकडून सेकंड सर्किटच्या अपील न्यायालयावर सुट्टीतली नेमणूक (सिनेटचं अधिवेशन चालू नसताना केलेली तात्पुरती)
- १५ जानेवारी १९६२: त्याच जागेसाठी सिनेटकडे नाव
- ११ सप्टेंबर १९६२: सिनेटची मंजुरी, ५४ विरुद्ध १६
- ऑगस्ट १९६५: न्यायाधीशपदाचा राजीनामा आणि सॉलिसिटर जनरल
- १३ जून १९६७: जॉन्सन यांच्याकडून सर्वोच्च न्यायालयासाठी नाव
- ३० ऑगस्ट १९६७: मंजुरी, ६९ विरुद्ध ११
- १ ऑक्टोबर १९९१: निवृत्ती
- २४ जानेवारी १९९३: निधन

नामनिर्देशन, मंजुरी आणि सनद (नेमणुकीचा अधिकृत दस्तऐवज) या तीन वेगळ्या तारखा आहेत. त्यांची सरमिसळ केलीत की पुढे चुकीचा खोका मागवाल. नाव पुढे येण्याआधीचे सहा ते बारा महिने हा सगळ्यात सुपीक काळ असतो, कारण शिफारसी, विरोध आणि राज्यातल्या पक्षनेत्यांची पत्रं तेव्हाच येतात. तक्त्यात तो काळ स्वतंत्र ओळ म्हणून लिहा.

तपासा: अयशस्वी नामनिर्देशन सुटलं आहे का? जॉन रॉबर्ट्स २००३ मध्ये डी. सी. सर्किटवर (राजधानी वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयावर) गेले हे सगळ्यांना माहीत असतं. पण जानेवारी १९९२ मध्येही त्यांचं नाव त्याच न्यायालयासाठी गेलं होतं आणि मतदान न होताच ते बारगळलं. त्या वेळचे कागद थोरल्या बुश यांच्या लायब्ररीत (राष्ट्राध्यक्षाचे कागद जपणाऱ्या अभिलेखागाराला तिथे लायब्ररी म्हणतात), म्हणजे टेक्ससमधल्या कॉलेज स्टेशनला लागतात, धाकट्या बुश यांच्या डॅलसच्या लायब्ररीत नव्हे. चरित्रसूचीत 'इतर नामनिर्देशनं' अशी छोटीशी नोंद असते. ती वाचल्याशिवाय तक्ता पुरा झाला असं समजू नका.

टप्पा २: प्रत्येक ओळीला मालक आणि कायदा लावा

आपल्याकडे माहितीचा अधिकार वापरलेल्यांची इथे हमखास गफलत होते. भारतात २००५ चा कायदा न्यायालयांनाही लागू आहे. सरन्यायाधीशांचं कार्यालयसुद्धा त्याखाली येतं असा निकाल २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच दिला. अमेरिकेचा माहिती स्वातंत्र्य कायदा, ज्याला तिथे सगळे फॉया म्हणतात, फक्त प्रशासकीय खात्यांना लागतो. न्यायालयांना तो लागत नाही, काँग्रेसला (म्हणजे तिथल्या संसदेला) लागत नाही आणि न्यायालयांच्या प्रशासकीय कार्यालयालाही लागत नाही. न्यायालयाच्या क्लार्ककडे फॉयाचा अर्ज पाठवणं म्हणजे शेजाऱ्याच्या घरची चावी आपल्या कुलपाला लावणं.

मालकी अशी वाटली जाते:

व्हाइट हाउसचे कागद. हूवरपासून कार्टरपर्यंतचे बहुतेक कागद दानपत्राने दिलेले आहेत, त्यांना फॉया लागत नाही, दानपत्रातल्या अटी लागतात. निक्सन यांच्यासाठी १९७४ चा वेगळा कायदा आहे. २० जानेवारी १९८१ पासून, म्हणजे रीगन यांच्यापासून पुढे, प्रेसिडेन्शियल रेकॉर्ड्स ॲक्ट, म्हणजे राष्ट्राध्यक्षांचे कागद सरकारी मालकीचे ठरवणारा कायदा.

न्यायखात्याचे कागद. नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये रेकॉर्ड ग्रुप ६० (एकेका खात्याच्या कागदांच्या क्रमांकित गटाला तिथे रेकॉर्ड ग्रुप म्हणतात). जे अजून खात्याकडेच आहेत त्यांच्यासाठी खात्याकडे फॉया.

सिनेटचे कागद. रेकॉर्ड ग्रुप ४६. उघडण्याचा नियम सिनेटचा स्वतःचा.

सिनेटरचे स्वतःचे कार्यालयीन कागद. ही त्याची खासगी मालमत्ता. बहुतेक वेळा गृहराज्यातल्या एखाद्या विद्यापीठाला दिलेली असते.

न्यायाधीशाच्या चेंबरचे कागद. हेही खासगी. न्यायाधीश ते जाळूही शकतो, दानही करू शकतो. मार्शल यांचे लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत, रेनक्विस्ट यांचे हूवर इन्स्टिट्यूशनमध्ये, पॉवेल यांचे वॉशिंग्टन अँड ली विद्यापीठात.

न्यायालयाचे कागद. जिल्हा न्यायालयांचे रेकॉर्ड ग्रुप २१, अपील न्यायालयांचे २७६, सर्वोच्च न्यायालयाचे २६७. यांत खटल्यांचे कागद भरपूर आणि कारकिर्दीचा पत्रव्यवहार नगण्य असतो. न्यायालयांच्या प्रशासकीय कार्यालयाचा रेकॉर्ड ग्रुप ११६ मात्र बघण्यासारखा आहे.

न्यायाधीश होण्याआधीची नोकरीही विसरू नका. कॅव्हनॉ यांच्या बाबतीत ती तीन टेबलांवर पसरली आहे: स्वतंत्र तपास वकील केनेथ स्टार यांचं कार्यालय, मग २००१ पासून व्हाइट हाउस कौन्सेलचं, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या कायदा सल्लागाराचं कार्यालय, मग जुलै २००३ ते मे २००६ स्टाफ सेक्रेटरी, म्हणजे राष्ट्राध्यक्षांकडे जाणारे कागद हाताळणारा अधिकारी. स्टार यांच्या कार्यालयाचे कागद रेकॉर्ड ग्रुप ४४९ मध्ये येतात. ते फेडरल रेकॉर्ड आहेत आणि त्यांना साधा फॉया लागतो. व्हाइट हाउसच्या कागदांना प्रेसिडेन्शियल रेकॉर्ड्स ॲक्ट लागतो. दोन्हींसाठी एकच अर्ज लिहिला तर त्यातला अर्धा परत येणार हे धरून चाला.

टप्पा ३: छापील आणि उघडं आधी संपवा

याला दोन दिवस द्या, जास्त नको. सिनेट न्यायिक समितीच्या सुनावण्या छापलेल्या असतात आणि त्यांच्या परिशिष्टात पत्रं, तारा, वकील संघटनांचे ठराव जसेच्या तसे येतात. १९८१ पासूनच्या नामनिर्देशनांना काँग्रेसच्या संकेतस्थळावर 'पीएन'ने सुरू होणारा क्रमांक मिळतो. त्याआधीचं सिनेटच्या एक्झिक्युटिव्ह जर्नलमध्ये बघावं लागतं. अलीकडच्या न्यायाधीशांनी समितीला भरून दिलेली प्रश्नावली खुली असते आणि त्यांच्या जुन्या पदांच्या नेमक्या तारखा तिच्यात मिळतात. त्या तारखा टप्पा १ च्या तक्त्यात भरून घ्या.

हे आधी करण्याचं कारण रोकडं आहे. जे पत्र १९६७ मध्येच छापलं गेलं त्यासाठी अर्ज करून दोन वर्षं थांबण्यात अर्थ नाही.

टप्पा ४: राष्ट्राध्यक्षांची लायब्ररी

इथे वेळ घालवा, सगळ्यात जास्त माल इथेच आहे.

लायब्ररीला पहिला ईमेल करण्याआधी तिची शोधसूची, म्हणजे कोणत्या खोक्यात कोणत्या फायली आहेत त्याची यादी, वाचा. व्हाइट हाउसच्या मध्यवर्ती फायलींना विषयसंकेत असतात आणि सरकारी संस्थांचा संकेत 'एफजी' या अक्षरांनी सुरू होतो. जॉन्सन यांच्या काळात सर्वोच्च न्यायालय म्हणजे एफजी ५३५, आणि त्याला तिरप्या रेघेनंतर 'ए' लागला की नेमणुका. रीगन यांच्या काळात तेच न्यायालय एफजी ०५१ होतं. एका लायब्ररीचा संकेत दुसरीत चालेल असं गृहीत धरू नका. संकेताआधी 'ईएक्स' असेल तर प्रशासनातला महत्त्वाचा कागद, 'जीईएन' असेल तर सर्वसाधारण जनतेचा.

विषयफायलीशिवाय आणखी दोन जागा बघायच्या असतात.

एक, नावांची फाइल. ही आडनावानुसार लावलेली असते आणि तिच्यात पुष्कळदा मूळ पत्राऐवजी एक पानी परस्परसंदर्भ असतो: अमक्या तारखेचं पत्र, अमक्याकडून, अमक्या विषयफायलीत. हे पान रिकाम्या पाकिटासारखं वाटतं म्हणून लोक उलटून पुढे जातात. खरं तर हीच तुमची आवक बारनिशी. त्यातला प्रत्येक संकेत उतरवून घ्या आणि त्यावरून पुढचे खोके मागवा.

दोन, कर्मचाऱ्यांच्या कार्यालयीन फायली. जॉन्सन लायब्ररीत जॉन मेसी यांच्या फायली आहेत. नेमणुकांसाठीची माणसं शोधण्याचं काम जॉन्सन यांनी मेसींकडे दिलं होतं. ॲटर्नी जनरलचे वैयक्तिक कागदही बऱ्याचदा लायब्ररीत येतात. रॉबर्ट केनेडी यांचे ॲटर्नी जनरल म्हणून असलेले कागद बॉस्टनच्या केनेडी लायब्ररीत आहेत, रॅम्झी क्लार्क यांचे ऑस्टिनच्या जॉन्सन लायब्ररीत. म्हणजे १९६१-६२ च्या मार्शल प्रकरणासाठी बॉस्टन आणि १९६७ साठी ऑस्टिन. एकाच माणसाच्या दोन नेमणुका आणि मध्ये अर्धा देश.

१९८१ नंतरच्या कागदांसाठी: पाच वर्षं, बारा वर्षं आणि पी-२

राष्ट्राध्यक्षाची कारकीर्द संपल्यावर पाच वर्षांनी त्याच्या कागदांसाठी फॉयाचा अर्ज करता येतो. पण काही प्रकारचे कागद तो बारा वर्षांपर्यंत रोखून ठेवू शकतो, आणि त्या सहा प्रकारांतला दुसरा, म्हणजे पी-२, हा 'फेडरल पदावरील नेमणुकांसंबंधी' असाच आहे. तुमचा विषय नेमका त्या खान्यात पडतो. पी-५ म्हणजे सल्लागारांचा गोपनीय सल्ला. न्यायाधीश निवडताना लिहिलेली बहुतेक टिपणं पी-२ किंवा पी-५ किंवा दोन्हींत जातात.

म्हणून अर्ज करण्याआधी बारा वर्षांचा हिशेब मांडा. क्लिंटन यांची मुदत २० जानेवारी २०१३ ला संपली, धाकट्या बुश यांची २० जानेवारी २०२१ ला. ओबामांची २० जानेवारी २०२९ ला संपेल. ती संपण्याआधी अर्ज केलात तर फोल्डर मिळेल, पण त्यातला गाभा काढून घेतलेला असेल.

सावधान: बारा वर्षं संपली की पी-२ आणि पी-५ जातात, पण खासगीपणाचं बंधन राहतं. आणि आधी काढून ठेवलेला कागद मुदत संपताच आपोआप फोल्डरमध्ये परत येईल या भरवशावर बसू नका, पुन्हा तपासणी करा असं लेखी मागावं लागतं.

सिनेटच्या समितीला या मुदती आड येत नाहीत. समितीसाठी विशेष प्रवेशाची तरतूद आहे आणि २०१८ मध्ये कॅव्हनॉ यांच्या सर्वोच्च न्यायालयासाठीच्या नामनिर्देशनाच्या वेळी समितीच्या अध्यक्षांनी तीच वापरली. तेव्हा नॅशनल आर्काइव्ह्जने लेखी कळवलं होतं की मागणी सुमारे ९ लाख पानांची आहे आणि काम ऑक्टोबरअखेरपर्यंत चालेल. दरम्यान माजी राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या वकिलांनी स्वतंत्रपणे तपासलेली पानं समितीकडे दिली. ती नॅशनल आर्काइव्ह्जने खुली केलेली प्रत नव्हे. त्यामुळे एकाच ईमेलच्या दोन प्रती फिरताना दिसतात, एका प्रतीत झाकलेली ओळ दुसरीत उघडी असू शकते. आपण कोणती प्रत वाचतो आहोत हे पहिल्याच दिवशी टिपून ठेवा.

टप्पा ५: न्यायखातं आणि एफबीआय

काळानुसार जागा बदलते. १८५३ पर्यंत न्यायाधीशपदासाठीचे अर्ज आणि शिफारसी परराष्ट्र खात्याकडे जात. ते कागद रेकॉर्ड ग्रुप ५९ मध्ये, राष्ट्राध्यक्षांच्या कारकिर्दीनुसार लावलेले आहेत. १८५३ नंतर शिफारसींचं काम ॲटर्नी जनरलकडे आलं, त्या नेमणुकांच्या फायली रेकॉर्ड ग्रुप ६० मध्ये न्यायिक जिल्ह्यानुसार मिळतात. सनद देण्याचं काम मात्र १८८८ पर्यंत परराष्ट्र खात्याकडेच होतं. म्हणजे १८७० च्या दशकातल्या न्यायाधीशासाठी दोन्ही रेकॉर्ड ग्रुप चाळावे लागतात. काही पश्चिमी राज्यांच्या फायलींची मायक्रोफिल्म झालेली आहे. प्रवास ठरवण्याआधी ती आहे का ते विचारा.

अलीकडच्या काळासाठी न्यायखात्याचं ऑफिस ऑफ लीगल पॉलिसी. न्यायाधीशांच्या निवडीचं काम तिथे चालतं आणि त्याचे फॉया अर्ज ऑफिस ऑफ इन्फर्मेशन पॉलिसीकडे जातात. भावी न्यायाधीश स्वतः खात्यात नोकरीला असेल तर त्याच्या नावाची फाइल ज्या वरिष्ठाच्या हाताखाली तो होता त्याच्या कार्यालयात शोधा. रॉबर्ट्स १९८१-८२ मध्ये ॲटर्नी जनरल विल्यम फ्रेंच स्मिथ यांचे विशेष सहायक होते, ते कागद मेरीलँडच्या कॉलेज पार्कला आहेत. १९८२ ते १९८६ ते व्हाइट हाउस कौन्सेलच्या कार्यालयात होते, ते कागद कॅलिफोर्नियातल्या रीगन लायब्ररीत आहेत. मधला फरक फक्त एका नोकरीबदलाचा.

एफबीआयच्या पार्श्वभूमी चौकशीसाठी माणूस हयात नसेल तर मृत्यूचा पुरावा जोडा, वृत्तपत्रातली निधनवार्ता चालते. जन्माला शंभर वर्षं होऊन गेली असतील तर तेवढं दाखवलं तरी पुरतं. हयात न्यायाधीशाची चौकशी फाइल त्याच्या संमतीशिवाय मागण्यात वेळ घालवू नका. मार्शल यांची फाइल एफबीआयने स्वतःच वाचनासाठी ठेवली आहे. मागणी करण्याआधी तिथली यादी बघणं हे पाच मिनिटांचं काम आहे आणि तरी ते राहून जातं.

टप्पा ६: सिनेट आणि सिनेटर

सिनेटचे कागद काँग्रेसच्या क्रमांकाने लावलेले असतात, दर दोन वर्षांच्या संसदेला एक क्रमांक असतो. क्रमांक काढायची सोपी रीत: वर्षातून १७८७ वजा करा, दोनने भागा, अपूर्णांक सोडा. १९६२ वजा १७८७ म्हणजे १७५, निम्मे साडेसत्त्याऐंशी, म्हणून ८७ वी काँग्रेस. १९६७ साठी ९० वी. (जानेवारीच्या पहिल्या दोन-तीन दिवसांच्या तारखा हाताने तपासा, आणि १९३५ च्या आधी काँग्रेस मार्चमध्ये बदलायची, तिथे हे गणित जानेवारी-फेब्रुवारीला चुकतं.)

सिनेटच्या १९८० च्या ठरावानुसार बहुतेक कागद २० वर्षांनी उघडतात. नामनिर्देशनाच्या आणि व्यक्तींच्या चौकशीच्या फायलींना ही मुदत ५० वर्षांची आहे. इथेच लोक फसतात. वीस वर्षं झाली म्हणून विमानाचं तिकीट काढतात आणि वॉशिंग्टनला गेल्यावर कळतं की हवी असलेली फाइल आणखी तीस वर्षांनी उघडणार आहे. मार्शल यांच्या दोन्ही नामनिर्देशनांची पन्नास वर्षं उलटून गेली आहेत. १९८० च्या नामनिर्देशनासाठी २०३० ची वाट बघावी लागेल. जाण्याआधी सेंटर फॉर लेजिस्लेटिव्ह आर्काइव्ह्जला लिहा आणि फाइल खुली असल्याचं लेखी उत्तर येऊ द्या.

बंद फाइलीला वळसा घालण्याचा एक रस्ता आहे, तो म्हणजे सिनेटरचे खासगी कागद. समितीकडे गेलेल्या पत्राची प्रत सिनेटरच्या कार्यालयात राहते, आणि तिथे सिनेटची मुदत लागत नाही, दात्याची लागते. कोणते सिनेटर? तीन जण पुरतात: समितीचा अध्यक्ष आणि गृहराज्याचे दोघे. मार्शल यांच्या दोन्ही नेमणुकांच्या वेळी अध्यक्ष मिसिसिपीचे जेम्स ईस्टलंड होते, त्यांचे कागद मिसिसिपी विद्यापीठात आहेत. १९६१-६२ मध्ये न्यूयॉर्कचे दोन सिनेटर म्हणजे जेकब जॅव्हिट्स आणि केनेथ कीटिंग. जॅव्हिट्स यांचे कागद स्टोनी ब्रूक विद्यापीठात, कीटिंग यांचे रोचेस्टर विद्यापीठात. गृहराज्याच्या सिनेटरांची संमती ज्या निळ्या चिठ्ठीवर मागतात त्या चिठ्ठीचा मागही याच फायलींत लागतो. 'न्यायाधीशपदे' (जजशिप्स) किंवा 'आश्रय' (पेट्रनेज, म्हणजे पदांचं वाटप) अशा अर्थाच्या शीर्षकाखाली शोधा, व्यक्तीच्या नावाखाली नव्हे.

टप्पा ७: अर्ज

फॉयाचा अर्ज कुणीही करू शकतो. त्यासाठी अमेरिकेचं नागरिकत्व लागत नाही, त्यामुळे पुण्यात किंवा पणजीत बसून केलेला अर्जही चालतो. मात्र अर्ज इंग्रजीत हवा आणि त्यात हे पाच मुद्दे हवेत:

१. कार्यालय आणि असल्यास त्या कार्यालयातल्या अधिकाऱ्याचं नाव.
२. तारखेची चौकट, शक्यतो बारा महिन्यांपेक्षा कमी.
३. कागदाचा प्रकार: येणारी पत्रं, उत्तरांच्या प्रती, अंतर्गत टिपणं.
४. शोधसूचीतलं मालिकेचं आणि फोल्डरचं नाव जसंच्या तसं.
५. शुल्काची कमाल मर्यादा आणि तुमचा वर्ग: शैक्षणिक, पत्रकार की इतर. 'इतर' वर्गाला शोधाचे दोन तास आणि शंभर पानं विनामूल्य मिळतात.

'न्यायमूर्ती अमुक यांच्यासंबंधी सर्व कागदपत्रे' असं लिहू नका. असा अर्ज गुंतागुंतीच्या रांगेत जातो आणि त्या रांगेत वर्षं जातात. 'मार्च ते जून १९८२, व्हाइट हाउस कौन्सेलचं कार्यालय, अमक्या अधिकाऱ्याच्या फायली, फोल्डर अमुक' असा अर्ज छोट्या रांगेत बसतो. दहा छोटे अर्ज एका मोठ्या अर्जाच्या आधी सुटतात.

कायद्यातली मुदत २० कामकाजी दिवसांची आहे. आपल्या तीस दिवसांच्या सवयीने तिच्यावर विसंबू नका, त्या मुदतीत बहुधा पोच आणि क्रमांक एवढंच येतं. राष्ट्राध्यक्षांच्या कागदांना त्यावर आणखी एक थांबा आहे: खुले करण्याआधी माजी आणि विद्यमान राष्ट्राध्यक्षांच्या प्रतिनिधींना कळवून ६० कामकाजी दिवस द्यावे लागतात.

तपासा: नकार आला तर अपिलासाठी किमान ९० दिवस मिळतात. नकाराचं कलम पाहा. खात्याने अंतर्गत विचारविनिमयाचं कारण दिलं असेल आणि कागद तुमच्या अर्जाच्या दिवशी २५ वर्षांहून जुना असेल, तर २०१६ च्या दुरुस्तीनंतर ते कारण टिकत नाही. अपिलात तेवढं एक वाक्य पुरतं.

टप्पा ८: खोका समोर आल्यावर

संशोधक ओळखपत्रासाठी सरकारी छायाचित्र ओळखपत्र लागतं, पासपोर्ट चालतो. पेन आत नेता येत नाही, पेन्सिल नेता येते. फ्लॅश बंद ठेवून फोटो काढता येतात. एका वेळी एकच खोका उघडायचा आणि त्यातून एकच फोल्डर बाहेर काढायचं. जिथून काढलं तिथे खुणेचा पुठ्ठा ठेवायचा.

फोटोंचा क्रम मोडू नका: खोक्याचं लेबल, फोल्डरचं लेबल, मग पानं पहिल्यापासून शेवटपर्यंत, मागच्या कोऱ्या बाजूवर शेरा असेल तर तीही. लेबल न टिपलेला फोटो परत आल्यावर निरुपयोगी ठरतो. तीन हजार फोटोंत 'प्रिय मिस्टर प्रेसिडेंट' असं सुरू होणारी चाळीस पत्रं असतात आणि ती कोणत्या फोल्डरमधली हे डोक्यात राहत नाही.

फोल्डर वाचताना आपल्या मंत्रालयातल्या फाइलीची सवय सोडावी लागते. तिथे एका बाजूला टिपणं आणि दुसऱ्या बाजूला पत्रव्यवहार असतो, कोणी कधी काय शेरा मारला ते सलग वाचता येतं. अमेरिकी फोल्डरमध्ये अशी टिपणाची बाजू नसते. मत सुट्या मेमोवर असतं, आणि सहसा सगळ्यात नवा कागद वर असतो. म्हणून खालून वर वाचा. १९६० च्या दशकातला एक नेहमीचा गठ्ठा असा दिसतो: तळाशी एखाद्या वकिलाचं जाड लेटरहेडवरचं पत्र, त्यावर तारखेचा आवक शिक्का. वर टाचलेली छोटी चिठ्ठी, पत्र न्यायखात्याकडे धाडल्याची. त्यावर पातळ, कुरकुरीत कागदावरची उत्तराची कार्बन प्रत. या कार्बन प्रतीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात आद्याक्षरं असतात, मसुदा करणाऱ्याची आणि टंकलेखकाची. सही मोठ्या माणसाची असली तरी पत्र कुणी लिहिलं ते तिथे कळतं. मूळ प्रत वकिलाकडे गेली, तिच्यावर बहुधा ही अक्षरं नव्हती.

सावधान: 'आपल्या शिफारसीचा पूर्ण विचार केला जाईल' हे छापाचं उत्तर आहे. शेकडो लोकांना तेच गेलेलं असतं. त्यावरून राष्ट्राध्यक्षांचा कल सांगू नका.

टप्पा ९: गाळलेल्या पानांचा हिशेब

१९८१ नंतरच्या फोल्डरमध्ये पुढे एक गुलाबी किंवा पांढरा तक्ता असतो, त्याला विड्रॉवल शीट म्हणतात. काढून घेतलेल्या प्रत्येक कागदाचा क्रमांक, प्रकार, विषय, तारीख, पानं आणि बंधनाचा संकेत त्यात असतो. पुष्कळ जण हा तक्ता 'काही मिळालं नाही'चा पुरावा समजून सोडून देतात. पण कुणी कुणाला, कोणत्या दिवशी, किती पानांचं टिपण लिहिलं हे त्यात छापलेलं आहे. तो तुमच्या टप्पा १ च्या तक्त्यात ओतला की नेमणुकीचा निर्णय कोणत्या आठवड्यात झाला ते मजकूर न वाचताही दिसू लागतं.

संकेतानुसार पुढचं पाऊल ठरवा. पी-२ किंवा पी-५ आणि बारा वर्षं झाली: पुन्हा तपासणीची मागणी. पी-६, म्हणजे खासगीपणा, आणि ज्याच्याबद्दल आहे तो आता हयात नाही: मृत्यूचा पुरावा जोडून मागणी. पी-१, म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा: गोपनीयता उठवण्याचा स्वतंत्र अर्ज, जो न्यायाधीशांच्या फायलींत क्वचितच लागतो.

हयात व्यक्तीचा सोशल सिक्युरिटी क्रमांक किंवा वैद्यकीय माहिती उघडी राहिलेली दिसली तर फोटो न काढता कर्मचाऱ्याला दाखवा. त्यांचं ते काम आहे, तुमचं फोल्डर त्यामुळे जप्त होत नाही.

टप्पा १०: संदर्भ त्याच संध्याकाळी लिहा

क्रम असा: कागदाचं वर्णन आणि तारीख, फोल्डर, खोका, मालिका, रेकॉर्ड ग्रुप किंवा संग्रह, संस्था. कॅटलॉगमधला ओळख क्रमांक असेल तर तो शेवटी. नुसता खोक्याचा क्रमांक पुरत नाही, कारण खोके पुन्हा भरले जातात आणि क्रमांक बदलतात, मालिकेचं नाव सहसा टिकतं. पान उघडं मिळालं की झाकलेल्या ओळींसह, हेही संदर्भात लिहा आणि पाहिल्याची तारीख टाका.

फोटोंची दुसरी प्रत त्याच दिवशी वेगळ्या ठिकाणी ठेवा. २००५ मध्ये रॉबर्ट्स यांच्या नामनिर्देशनाच्या धामधुमीत रीगन लायब्ररीतलं त्यांचं 'अफर्मेटिव्ह ॲक्शन'विषयीचं (वंचित गटांना शिक्षण-नोकरीत झुकतं माप देण्याच्या धोरणाविषयीचं) एक फोल्डर गहाळ झालं. ज्या फोल्डरचे तुम्ही लेबलासकट फोटो काढलेत, त्याची निदान एक प्रत तुमच्याकडे राहते.